प्रायश्चित्त संस्कार : देवाकडे आणि बांधवाकडे परतण्याची वाट

उपवासकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांत पापनिवेदनासाठी रांगा लागतात. ठरलेल्या चुका ठरलेल्या क्रमाने सांगायच्या, दिलेल्या प्रार्थना म्हणायच्या आणि घरी परतायचे, अशी सवय आपल्यापैकी अनेकांना जडलेली असते. सख्ख्या भावाशी धरलेला अबोला मात्र पुढच्या उपवासकाळापर्यंत तसाच राहतो. म्हणून ख्रिस्तसभा या संस्काराकडे कोणत्या दृष्टीने पाहत आली आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संस्काराचा प्रवास

पुनरुत्थित प्रभू येशूने शिष्यांवर फुंकर घालून त्यांना पवित्र आत्मा दिला आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार सोपविला (योहान २०:२२-२३). या संस्काराचा आधार तेथे आहे.

आरंभीच्या शतकांत मूर्तिपूजा, खून, व्यभिचार यांसारख्या गंभीर पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे. अशा व्यक्तीला प्रदीर्घ काळ ख्रिस्तशरीर स्वीकारता येत नसे आणि ही संधी सामान्यतः आयुष्यात एकदाच मिळे. रोममध्ये पवित्र गुरुवारी अशा अनुतापी जनांना पुन्हा मंडळीत सामावून घेत. पापाची जखम साऱ्या मंडळीला होते, ही जाणीव त्यामागे होती.

सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासियांनी खाजगी व पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची प्रथा युरोपभर नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने या संस्काराची शिकवण विस्ताराने मांडली. जाळीच्या पडद्याचे पापनिवेदनगृह रूढ करण्यात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ मध्ये, सुधारित विधी प्रसिद्ध झाला. त्यात देवशब्दाच्या वाचनाला आणि समेटाच्या भावनेला पुन्हा महत्त्वाचे स्थान मिळाले.

संस्काराचे घटक

भाविकाकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत : मनःपूर्वक पश्चात्ताप, पापांचे निवेदन आणि प्रायश्चित्त. धर्मगुरू प्रभूच्या नावाने पापक्षमा देतात. यांतील तिसऱ्या गोष्टीकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. पापक्षमेने पाप मिटते, पण पापाने झालेले नुकसान आपोआप भरून येत नाही. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळ करणे, इजा केली असल्यास भरपाई देणे, हे शक्य तितके करावे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत देण्याची तयारी दाखविली (लूक १९:८). जमिनीचा बांध सरकवून भावाची हातभर जागा बळकावणाऱ्याने प्रार्थना अवश्य म्हणाव्यात, पण बांधही पूर्ववत करावा.

गोपनीयता

लहान गावात धर्मगुरू सर्वांना ओळखतात, त्यामुळे संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणास्तव उघड करण्यास धर्मगुरूंना पूर्ण मनाई आहे (धर्मसंहिता, नियम ९८३). या गोपनीयतेचा थेट भंग करणारा धर्मगुरू त्या कृतीनेच बहिष्कृत ठरतो. ऐकलेल्या गोष्टीचा वापर त्या व्यक्तीला अपाय होईल अशा रीतीने करण्यासही बंदी आहे. शिवाय जाळीआड राहून किंवा समोरासमोर बसून, दोन्ही प्रकारे निवेदन करता येते.

तयारी

रांगेत उभे राहण्यापूर्वी आपण शांतपणे आत्मपरीक्षण करू या. कोणाचे देणे राहिले आहे? कोणाच्या दारात आपण वर्षानुवर्षे पाऊल टाकलेले नाही? वेदीपाशी अर्पण नेताना बांधवाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). देवाच्या क्षमेवर विसंबून आपण त्या दाराकडेही पाऊल उचलू या.