लढाई अमेरिकेत, भाव हिंगणघाटात

जगाच्या घडामोडींवर बोलायचं म्हटलं की गटात कुणीतरी म्हणतंच, "ते अमेरिका-जपान राहू द्या, कापसाचं काय ते सांगा." आज आम्ही कापसाचंच सांगणार आहोत. पण त्यासाठी अमेरिकेत जावंच लागतं. आपल्या पऱ्हाटीचा आणि तिकडच्या एका लढाईचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे.

त्या काळी इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास, लँकेशायर भागात, कापडाच्या शेकडो गिरण्या होत्या. त्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून यायचा. तिथे आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांना आणि त्यांच्या लेकराबाळांना गुलाम म्हणून राबवत. वेचणीला बायाही असायच्या, आणि मजुरी शून्य. १८६१ साली अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेची बंदरं अडवली, कापसाची जहाजं थांबली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगार मदतीच्या अन्नावर जगू लागले. त्यातले बरेच कामगार भाजीपाला सोडा, भाकरीलाही महाग झाले होते. तरी मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा घेऊन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठवलं, की गुलामी संपवा, आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. लिंकन यांनी त्यांना उत्तरही दिलं. आम्हाला या सगळ्या हकिगतीत ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

गिरणीमालकांना मात्र कापूस हवा होता. त्यांची नजर वळली हिंदुस्थानाकडे. हिंगणघाटचा 'बनी' कापूस लांब, मऊ धाग्याचा. त्याचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात माहीत होतं. त्याआधी आपल्या भागातला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला जायचा, तिथून गंगेतून कलकत्त्याला. आता तो मुंबईकडे वळला. लिव्हरपूलचे भाव चौपटीवर गेले. मुंबईत पैशाचा पूर आला. इकडे ज्वारीच्या वावरात कापूस शिरला. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं, आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोहोचली. सरकारने कापसासाठी खास अधिकारी नेमला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. गाठी किती, माल कसा, भेसळ कुठे, याचे अहवाल तो लिहायचा. हिशेब गाठींचा होता. कंबर वाकवून बोंडातून कापूस काढणारी बाई त्या हिशेबात बसत नव्हती.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपत आली, आणि भाव कोसळले. मुंबईत बँका बुडाल्या, मोठमोठे व्यापारी रस्त्यावर आले. रेल्वे आपल्याकडे आली ती भाव उतरल्यानंतर, हेही ध्यानात घ्या. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र भावाबरोबर उतरत नसतं. पुणे-नगरकडे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागच्या कारणांत कापसाची ही मंदीही होती.

पुढे वाफेवर चालणारे जिन आले. हाताच्या चरकीवर सरकी काढायचं काम बायांचं होतं, ते गेलं. मग आला जपान. १८९३ मध्ये मुंबई ते जपान बोटी सुरू झाल्या. जपानच्या गिरण्यांना आखूड, जाडाभरडा धागा चालायचा. आपल्या वावरात 'जरी' नावाचा कापूस पसरत गेला, कारण त्याला रुई जास्त सुटायची. हिंगणघाटचं नाव ज्या बनीने केलं, ती मागे पडली. वाण बदलला तो एकट्या कास्तकाराच्या मर्जीने नव्हे, एवढंच आम्हाला दाखवायचं आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी इंग्लंडात होते. विलायती कापडावरच्या बहिष्काराने लँकेशायरच्या गिरण्यांचं काम घटलं होतं, तरी ते तिथल्या डार्वेन गावी गेले. गिरणीत काम करणाऱ्या बायांनी त्यांच्याभोवती गराडा घातला. त्या हसऱ्या बायांचा फोटो आजही प्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांच्या अडचणी ऐकल्या आणि हिंदुस्थानातली गरिबी त्याहून किती खोल आहे, हेही सांगितलं. पुढे तीन वर्षांनी ते वर्ध्यात आले, १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले. त्याचंच पुढे सेवाग्राम झालं.

आता अलीकडचं. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना सरकारी अनुदान देते. त्याने जगातला भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत केली आणि जिंकली. आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला. आपल्याकडे २०२५ च्या १९ ऑगस्टला सरकारने आयात कापसावरचा ११ टक्के कर काढला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी सुरू होती त्याच महिन्यांत बाहेरचा कापूस बिनकराने येत होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. पण हमीभावाने विकायला नोंदणी लागते, नोंदणीला सातबारा लागतो, आणि तो किती जणींच्या नावावर आहे?

येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान वेगळं काढा. सीतादहीपासून उलंगवाडीपर्यंत दर आठवड्याला दोन आकडे लिहा: वेचणीला किलोमागे काय मिळालं, आणि त्याच आठवड्यात घरचा कापूस काय भावाने गेला. पुढच्या महिन्यात आम्ही सोयाबीनच्या तेलावर बोलणार आहोत, तेव्हा वही सोबत आणा.