मेलबर्नचे तीन गोल

गतवर्षी काही कामानिमित्त जालना जिल्ह्यात आमचे जाणे झाले. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथील एका स्नेह्याच्या आग्रहावरून एक संध्याकाळ त्या गावी घालविण्याचा योग आला. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मुले क्रिकेट खेळत होती. शेजारी पाच-सहा मुले मात्र एका फाटक्या फुटबॉलमागे धावत होती. आमच्यासोबत असलेल्या तरुण शिक्षकाने सहज विचारले, "फादर, फुटबॉलमध्ये आपल्या देशाने कधी काही केले आहे काय?" आम्ही म्हणालो, "केले आहे. ऑलिम्पिकमध्ये आपण चौथे आलो होतो, आणि एका सामन्यात तीन गोल करणारा खेळाडू मुंबईचा होता, मूळचा गोव्याचा, आपल्याच समाजातला." शिक्षकाने नाव विचारले. आम्ही नाव सांगितले. त्याने ते पूर्वी कधी ऐकले नव्हते. यात त्याचा काहीच दोष नाही. आमच्या धर्मग्रामातील किती तरुणांनी ते ऐकले असेल, हा प्रश्न परतीच्या वाटेवर आम्हांला टोचत राहिला. प्रस्तुत लेख त्या टोचणीतून लिहिला आहे.

ते नाव नेव्हिल डिसूझा. जन्म १९३२ सालचा. मूळ गाव बार्देशातील आसगाव. आसगावच्या शेजारी शिवोली आहे, आणि गोव्यातील फुटबॉलचा इतिहास शिवोलीपासूनच सांगतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी १८८३ मध्ये तेथील आपल्या शाळेतील मुलांच्या हाती, किंबहुना पायी, प्रथम हा चेंडू दिला. व्यायाम हा शिक्षणाचाच भाग आहे अशी त्यांची धारणा होती. पुढे त्यांची शाळा हडफड्यास गेली. खेळ मात्र बार्देशच्या गावोगावी रुजला. चर्चसमोरचे मैदान, पावसाळ्यानंतरची मोकळी शेते आणि सणासुदीला दोन वाड्यांत होणारे सामने यांतून गोमंतकीय मुलाला हा खेळ जणू वारशाने मिळू लागला.

मग हा वारसा मुंबईस आला. पोटासाठी बोटीवर, कचेरीत, स्वयंपाकघरात वा बँडमध्ये चाकरी करणारे गोंयकार धोबीतलाव, माझगाव, गिरगाव येथील कुडांत उतरत. प्रत्येक गावाचा आपला कूड असे. तेथे रोजची प्रार्थना होई, पत्रांची वाट पाहिली जाई, आणि रविवारी फुटबॉलही होई. याच मुंबईत ब्रिटिश पलटणींनी १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू केला होता. त्यावर कितीतरी वर्षे गोऱ्या सैनिकांचीच मक्तेदारी राहिली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली. पुढे मुंबईत कंपन्यांचे संघ उभे राहिले. खेळाडूला नोकरी मिळे आणि संध्याकाळी सरावाची सवड मिळे. त्या काळच्या हौशी फुटबॉलचा संसार एवढ्यावरच चाले. नेव्हिल अशाच एका संघातून, म्हणजे टाटांच्या संघातून, नावारूपास आले. कूपरेजचे मैदान हे त्यांचे विद्यापीठ. त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले.

येथे क्षणभर थांबून हैदराबादकडे पाहिले पाहिजे, कारण नेव्हिल यांच्या कीर्तीची दुसरी बाजू तिकडे आहे. कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला तो हैदराबाद सिटी पोलीस या संघाने. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक होते. १९५० पासून भारतीय संघाची धुराही त्यांच्याकडेच होती. वैयक्तिक कसरतीपेक्षा जमिनीलगतचे अचूक पास, मोकळ्या जागेचा शोध आणि दोन्ही पायांनी खेळण्याची सवय यांवर त्यांचा भर असे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १–१० असा हरला. त्या पराभवाने रहीमसाहेबांना बरेच शिकविले. अनवाणी खेळण्याची आपली जुनी सवय त्यानंतरच सुटली आणि बूट आले.

वाचकांच्या ध्यानी येईल की जालना व जांब समर्थ हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि नंतरही हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या मैदानावर हैदराबादच्या गुरूने घडविलेल्या संघातून मुंबईचा नेव्हिल डिसूझा खेळला. त्या दिवशी हैदराबादची शिकवण आणि मुंबईचा आघाडीपटू एकाच संघात नांदत होते, आणि जांब समर्थच्या माणसाने दोघांनाही आपले म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते. अर्थात त्या गावात त्या दिवशी कोणाला याची खबर असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता मूळ सामन्याकडे वळू. मेलबर्नचे ते ऑलिम्पिक राजकीय वादळात सापडले होते. हंगेरीत रशियन रणगाडे शिरले होते, सुवेझवर युद्ध भडकले होते, आणि अनेक राष्ट्रांनी माघार घेतली होती. फुटबॉलच्या स्पर्धेत सोळा संघ अपेक्षित होते, प्रत्यक्षात अकराच उतरले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. उपान्त्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया उभा राहिला.

भारताचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, आघाडीच्या मध्यभागी नेव्हिल. रहीमसाहेबांच्या हैदराबादी शिष्यांपैकी अझीझ, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम अशी मंडळी संघात होती. ९व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मोरोने १७व्या मिनिटाला बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. ४१व्या मिनिटाला मोरोने पुन्हा ती पुसून टाकली. मध्यंतराला २–२. यजमानांच्या भूमीवर दोनदा पुढे जाऊन दोनदा गाठले जाणे हे कोणत्याही संघाचे धैर्य खचविणारे असते. मध्यंतरानंतर, ५०व्या मिनिटाला, नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. मग ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधता आली नाही. ८०व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल चढविला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा पहिला आशियाई ठरला.

तीन दिवसांनी उपान्त्य सामना झाला. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविणारा. मध्यंतरापर्यंत भारताने त्यांना एकही गोल करू दिला नाही. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत १–० असा पुढे गेला! ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याचे दार काही क्षण तरी किलकिले झाले होते. परंतु ती आघाडी टिकली नाही. पुढच्या साधारण पंधरा मिनिटांत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले. मग आमच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात चेंडू गेला आणि सामना १–४ असा संपला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३–० अशी मात केली. भारत चौथा आला. संपूर्ण स्पर्धेत भारताचे गोल पाच, त्यांतील चार एकट्या नेव्हिल यांचे. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह यांचेही चार-चार. सर्वाधिक गोलांचा मान या तिघांत वाटला गेला.

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. मेलबर्नचे मोल ठरविताना काही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदविल्या पाहिजेत. भारत उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला तो न खेळता. ऑलिम्पिक ही हौशी खेळाडूंची स्पर्धा असल्याने पश्चिम युरोपातील व दक्षिण अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू तेथे नव्हतेच. ऑस्ट्रेलियाचा संघही त्या काळी जागतिक दर्जाचा नव्हता. हे सारे मान्य. पण १–१० वरून १–४ वर येणे, तेही आधी १–० अशी आघाडी घेऊन, हे हंगेरीच्या माघारीमुळे घडले नाही. ते चार वर्षांच्या शिस्तीचे फळ होते. आणि परक्या मैदानावर यजमानांविरुद्ध तीन गोल कोणी कोणाला फुकट देत नाही.

आणखी एक गोष्ट चिंतनीय आहे. १९५६ मध्ये आसगाव पोर्तुगीज सत्तेखाली होते. गोवा मुक्त झाला तो १९६१ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्याचे मूळ गाव लिस्बनच्या अमलाखाली होते, तो तरुण भारताचा ध्वज छातीवर लावून धावत होता. गोमंतकीय ख्रिस्ती माणसाची निष्ठा कोठे, असा प्रश्न त्या काळी उघड वा आडून विचारला जाई. त्याला भाषणांतून पुष्कळांनी उत्तरे दिली. नेव्हिल यांनी उत्तर म्हणून काही केले असे आम्ही म्हणणार नाही. ते फक्त खेळले. पण त्या खेळातच उत्तर होते.

पुढे काय झाले? १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात नेव्हिल नव्हते. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला आणि तो योग्यच होता. नेव्हिल यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही. रहीमसाहेबांनी १९६२ मध्ये जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९६३ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर भारतीय फुटबॉल ऑलिम्पिकला पुन्हा पोहोचला नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, नेव्हिल डिसूझा यांचे निधन झाले. त्यांच्या बरोबरीने गोल करणारे वेसेलिनोविच विश्वचषकात खेळले आणि नंतर प्रशिक्षक म्हणून देशोदेशी नावाजले. आमचा आघाडीपटू मात्र जाणकारांच्या आठवणीपुरता उरला.

येथे एक तुलना मनात येते. ४ जुलै २००४ रोजी लिस्बनमध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्रीसच्या अँजेलोस खारिस्तेआस या आघाडीपटूने ५७व्या मिनिटाला डोक्याने एक गोल केला आणि यजमान पोर्तुगाल हरला. त्या स्पर्धेपूर्वी ग्रीसने कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एक सामनाही जिंकला नव्हता. खारिस्तेआस काही जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला नाही, पण त्या एका गोलामुळे त्याचे नाव ग्रीसच्या घराघरांत कायमचे राहिले. त्याच्या गोलाने चषक मिळाला आणि नेव्हिल यांच्या गोलांनी पदकही मिळाले नाही, हा भेद आहेच. तथापि केवळ पदकानेच स्मृती टिकते असे नाही. रोममध्ये मिल्खासिंग चौथेच आले होते, तरी त्यांची शर्यत आपल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. एखादी कथा टिकते ती कोणीतरी ती सांगत राहते म्हणून. आम्ही नेव्हिल यांची कथा सांगितली नाही.

सेमिनरीत असताना दर संध्याकाळी आम्हांला फुटबॉल खेळावाच लागे. खेळांची जबाबदारी असलेले एक वृद्ध फादर मैदानाच्या कडेला उभे राहून आघाडीवरच्या मुलावर ओरडत, "चेंडूची वाट पाहू नकोस, नेव्हिल वाट पाहत नसे!" हा नेव्हिल कोण, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. वरच्या वर्गातील कोणी विद्यार्थी असेल असे आम्ही समजून होतो. कित्येक वर्षांनी एका जुन्या क्रीडापुस्तकात ते नाव वाचले आणि आमच्या अज्ञानाची आम्हांला लाज वाटली. तोवर ते फादरही देवाघरी गेले होते. त्यांना विचारण्यासारखे पुष्कळ होते, ते राहून गेले.

अलीकडे थोडी जाग येत आहे. वांद्रे येथे मुंबईच्या फुटबॉलसाठी एक मैदान नेव्हिल डिसूझांच्या नावाने आहे. २०२४ मध्ये रहीमसाहेबांवरील 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, त्यात मेलबर्नचा प्रसंग आणि नेव्हिल यांची व्यक्तिरेखा होती. परंतु फलक आणि पडदा यांच्यावर सारे सोपवून चालणार नाही. आपल्या धर्मग्रामांत, शाळांत, सणाच्या सामन्यांत चषक वाटले जातात. त्या वेळी पाच मिनिटे ही हकीकत सांगायला काय हरकत आहे?

जांब समर्थहून निघताना त्या शिक्षकाने नेव्हिल यांचे नाव आपल्या वहीत लिहून घेतले आणि खाली आकडे लिहिले : ९, ३३, ५०. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगेन म्हणाला. रानातील ती मुले अजून खेळतच होती. चेंडू फाटका होता, गोलाच्या दोन खुणा म्हणून दोन दगड ठेवले होते. आघाडीवरचा मुलगा चेंडूची वाट पाहत उभा होता. आमच्या तोंडून नकळत शब्द गेले, "वाट पाहू नकोस रे!" तो हसला आणि धावू लागला.