पांढरी राखायची कुणी? भोकरदन, असई आणि गावाचा नकाशा

या मालिकेत आपण किल्ले, लेणी, मंदिरं यांच्याबद्दल बरंच बोलतो. आज गाव ज्या जमिनीवर बसलेलं असतं, त्या जमिनीबद्दल बोलू. ती राखायची कुणी आणि कशाच्या आधारावर, हा आजचा प्रश्न. त्यासाठी आपण जालना जिल्ह्यात, केळणा नदीच्या काठी जाऊ. तिथे भोकरदन आहे आणि जवळच असई आहे.

आपल्याकडे काळी आणि पांढरी असा जुना शब्दप्रयोग आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी तयार कशी होते? माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहतात. मातीची घरं बांधतात, ती पडतात, त्याच ढिगाऱ्यावर नवी उभी राहतात. चुलीची राख, शेण, हाडं, खापरं त्यात मिसळत जातात आणि हळूहळू गावाखाली उंचवटा तयार होतो. म्हणून दख्खनमधला पुरातत्त्वाचा अभ्यासक नव्या गावात गेला, की पांढरीचं टेकाड कुठे आहे ते आधी विचारतो. गावाचं दप्तर कागदावर असतं, त्याहून जुनं दप्तर या मातीत असतं.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावचे दाते भेटतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं इतक्या लांब दान देण्याइतकी सुस्थितीत होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. त्यात सातवाहन काळातली नांदती वस्ती उजेडात आली, आणि हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीप्रतिमाही मिळाली. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती १९३८ साली इटलीत, पॉम्पेईत सापडली होती. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्याआधी दख्खनचा माल तिथवर पोचत होता, याची ही साक्ष.

पण पॉम्पेईत आज कुणी राहत नाही, भोकरदनमध्ये लोक राहतात. तिथे घरांचे पाये खणले जातात, गटारं होतात, नळाच्या वाहिन्या टाकल्या जातात. प्रत्येक खड्डा त्या दप्तराचं एक पान फाडतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पूर्वीही धाब्याच्या घरांवर घालायला आणि शेतात खत म्हणून लोक पांढरी खणून नेत असत. फरक इतकाच, की कुदळीने वर्षभरात जेवढं निघायचं, तेवढं जेसीबी एका दुपारी काढतो.

आता असईकडे येऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रज सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठी फौजेचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती आणि दुसरा उतार नाही असं वाटाडे सांगत होते. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ताडलं, की इतकी जवळ गावं आहेत तर मधे उतार असणारच. उतार होता. फौज तिथूनच पलीकडे गेली. पुढे असईच्या बाजूला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची दाणादाण उडवली. इंग्रज जिंकले, पण त्यांची पंधराशेहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली.

या प्रसंगात निर्णायक पुरावा कोणता होता? किल्ला नाही, मंदिर नाही. दोन गावं, मधली नदी आणि उताराकडे जाणारी वाट, एवढंच. ही मांडणी शाबूत असेल तर आजही काठावर उभं राहून ती लढाई समजून घेता येते. मांडणी मोडली तर नुसता फलक उरेल, आणि फलकावरून लढाई कळत नाही.

आपले कायदे इथेच तोकडे पडतात. हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, १९१४ साली हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खातं सुरू केलं. पुढे १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. दोन्ही कायदे संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूला किंवा स्थळाला लागू होतात. केंद्राच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने अशा स्थळापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट घातली. एका मंदिरासाठी हे ठीक. पण अख्खं गावच पांढरीवर बसलेलं असेल तर? गावात राहणाऱ्याला ‘बांधू नको’ म्हणून चालणार नाही. माळवद गळतंय, पोराचं लग्न ठरलंय, दोन खोल्या वाढवायच्या आहेत. त्याची अडचण खरी आहे. जतनाचा सगळा भार त्याच्याच डोक्यावर टाकला, तर तो जुनी वीट सापडल्याचं कुणाला सांगणारच नाही. रातोरात खड्डा बुजवेल.

म्हणून आम्हाला वाटतं, की बंदीपेक्षा नियोजनाचा रस्ता जास्त कामाचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. विकास आराखड्यात काय काय असावं याच्या यादीत ऐतिहासिक स्थळांचं जतन कायद्यानेच घातलेलं आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. लहान गावांत ग्रामसभा आहे. पूर्वी मोजणी व्हायची ती शेतांची. गावठाणाच्या आतली घरं, बोळ, मोकळ्या जागा नकाशावर नसत. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली. ती होते मालकीसाठी, मिळकत पत्रिका देण्यासाठी. पण त्याच नकाशावर पांढरीची हद्द, जुनी वेस, बारव, नदीचा उतार यांच्याही खुणा करता येतील.

मग नियम कोणते करायचे? थोडे आणि पाळता येतील असे. पांढरीवर ठराविक खोलीपेक्षा जास्त खणायचं असेल तर आधी कळवायचं. कळवणाऱ्याचं काम अडकू नये म्हणून पाहणीला मोजक्या दिवसांची मुदत ठेवायची, आणि पाहणीचा खर्च मालकावर टाकायचा नाही. गटार आणि रस्त्याची सरकारी कामं पांढरीच्या कडेने न्यायची. उताराची वाट आणि काठावरची मोकळी जागा आराखड्यात मोकळीच दाखवायची. मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क मिळतात, पण ती सोय जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथली. भोकरदन-असईला तिचा उपयोग नाही. इथे वेळेवर परवानगी हाच मोबदला.

याच वेलिंग्टनच्या इंग्लंडमध्ये १९९५ साली ऐतिहासिक रणभूमींची नोंदवही सुरू झाली. त्या नोंदीने शेती थांबत नाही, वेगळी परवानगीही लागत नाही. फक्त तिथे काही बांधायचा अर्ज आला, की निर्णय घेताना ती नोंद विचारात घ्यावीच लागते. एवढ्यानेही फरक पडतो, कारण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर इतिहास आधीच येऊन बसलेला असतो.

आपल्याकडे तो टेबलावर कोण ठेवणार? तालुक्याच्या गावात बसलेला अभियंता भोगवर्धन हे नाव ऐकून असेलच असं नाही. ते गावकऱ्यांना सांगावं लागेल, आणि तेही हरकतींची मुदत संपायच्या आत. तेव्हा ऐकणाऱ्यांना एक विनंती. आपापल्या गावाचा नकाशा एकदा मागवून बघा, आणि पांढरी कुठून कुठवर आहे ते गावातल्या जुन्या माणसांना विचारून त्यावर लिहा. ते सांगणारी माणसं अजून आहेत.

आता प्रश्न घेऊ या.