रुप्याची खाण आणि तोंडांतील डबी

रुपें ज्या दगडांत सांपडतें तो दगड जळत नाहीं. अमेरिकेंतील आयडाहो राज्यांत सनशाईन नांवाची रुप्याची खाण आहे. तेथील लोकांचा ह्या गोष्टीवर मोठा भरंवसा होता, आणि दगडापुरता तो खोटाही नव्हता. पण खणून रित्या झालेल्या पोकळ्यांत आधाराचीं जुनीं लांकडें पडलेलीं होतीं. २ मे १९७२ रोजीं दुपारच्या सुमारास धूर दिसला तेव्हां खालीं १७३ माणसें होतीं. त्यांपैकीं ९१ दगावलीं.

त्यांचा घात ज्वाळांनीं केला नाहीं, कार्बन मोनॉक्साइडनें केला. ह्या वायूस रंग नाहीं, वासही नाहीं. स्फोटानंतर खाणींत मरणाऱ्यांपैकीं बहुतेकांस हाच वायु मारतो, हें हॉल्डेन ह्या शरीरशास्त्रज्ञानें १८९६ मध्येंच दाखवून दिलें होतें. पुढें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हॉपकॅलाइट नांवाचें मिश्रण सिद्ध झालें. श्वासाची हवा त्यांतून गेली म्हणजे विषारी वायूचा कार्बन डायॉक्साइड होतो. ह्याच तत्त्वावर चालणाऱ्या, तोंडांत धरावयाच्या डब्या सनशाईनमध्यें ठेवलेल्या होत्या.

मग माणसें मेलीं कां? वरिष्ठ अधिकारी त्या दिवशीं भागधारकांच्या सभेस गेले होते, बाहेर पडण्याचा हुकूम उशिरां सुटला, हवेच्या वाटांनींच धूर खाणभर फिरला. हीं कारणें आहेतच. पण मला विशेष वाटते ती गोष्ट निराळी. हॉपकॅलाइट काम करूं लागलें म्हणजे तापतें. हवेंत विष जितकें अधिक, तितका श्वास अधिक कढत. यंत्र चालूं असल्याची जी खूण, तीच अजाण माणसास तें बिघडल्याची खूण वाटते. तो डबी ओढून काढतो, आणि पुढचे दोन-चार श्वास पुरेसे होतात. सरकारी चौकशींत आढळलें, कीं बहुतेक कामगारांस ह्या डब्या वापरण्याचें शिक्षणच मिळालेलें नव्हतें. ९ मे रोजीं दोन माणसें मात्र जिवंत सांपडलीं. वरून ताजी हवा येत होती तेथें तीं थांबून राहिलीं होतीं.

१९७७ च्या कायद्यानें भूगर्भांतील प्रत्येक नव्या खाणकामगारास ४० तासांचें व पुढें दरवर्षीं ८ तासांचें शिक्षण सक्तीचें केलें. हें चांगलेंच झालें. पण खोलींत बसून तास भरतां येतात, नोंदवहींत सही करतां येते. कढत श्वास कसा लागतो हें त्यानें कळत नाहीं. २ जानेवारी २००६ रोजीं वेस्ट व्हर्जिनियांतील सॅगो येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन १२ जण मेले. तेथील डब्या निराळ्या, प्राणवायु निर्माण करणाऱ्या होत्या. आंत अडकलेल्यांपैकीं एकटा वांचलेला कामगार म्हणाला, कीं चार डब्या चालल्याच नाहींत; तपासणींत त्या सुरू झालेल्या आढळल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस नियम झाला, कीं कामगारांनीं दर तीन महिन्यांनीं सुटकेच्या वाटेनें प्रत्यक्ष चालून जावें, आणि वर्षांतून एकदां, खऱ्या डबीसारखाच श्वास अडवणारी व हवा तापवणारी सरावाची डबी तोंडांत धरावी. सनशाईनला तोंवर ३४ वर्षें लोटलीं होतीं. शिवाय हा नियम कोळशाच्या खाणींपुरताच होता. रुप्याच्या खाणींस तो लागू केला नाहीं.