शिकवण्याचा दाखला

१८५२ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतील मुलींची जाहीर परीक्षा झाली, आणि त्याच वर्षी विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार. शिक्षकाची पारख विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून!

शालेय शिक्षकांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाला. शिफारशी राज्ये करीत. २०१८पासून शिक्षकानेच अर्ज करून स्वतःच्या कर्तृत्वाचे पुरावे जोडावयाचे असतात. भिडस्त मास्तरांची पंचाईतच म्हणायची. शिवाय रंगलेल्या तासाचा पुरावा आणावा कोठून?

महाविद्यालयात तरी निराळे काय? आम्हां नागपूरकरांना येथे ग्रेस आठवतात. मॉरिस कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षे मराठी शिकवले. २०११चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखसंग्रहाला. त्यांच्या तासांची नोंद जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत असली तर असेल.