रेझिलिअन्स: उसळीपासून टिकावापर्यंत

लॅटिनमधील ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणे आणि त्याला ‘पुन्हा’ या अर्थाचा ‘रे’ हा उपसर्ग लागून झालेले ‘रेसिलिरे’ म्हणजे मागे उसळणे. या क्रियापदापासून इंग्रजीत आलेला ‘रेझिलिअन्स’ हा शब्द सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने प्रतिध्वनीच्या विवेचनात, म्हणजे अगदी मूळ अर्थाला धरून, वापरला होता. पुढे अभियांत्रिकीत त्याला काटेकोर अर्थ मिळाला: ताण दिलेला पदार्थ कायमचा न वाकता जेवढी ऊर्जा सामावून घेतो आणि ताण काढताच परत देतो, तेवढी त्याची रेझिलिअन्स.

या अर्थाला खरे वळण दिले ते कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी. 1973 च्या निबंधात त्यांनी स्थैर्य, म्हणजे समतोलाकडे परतण्याची क्षमता, आणि रेझिलिअन्स, म्हणजे आघात पचवून मूलभूत परस्परसंबंध टिकवण्याची क्षमता, या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कॅनडातील जंगलांत एका अळीच्या साथीत बाल्सम फरची झाडे मोठ्या प्रमाणावर मरतात, परंतु त्यामुळेच स्प्रूस आणि बर्च यांना वाढायला जागा मिळते. असे जंगल अस्थिर असूनही टिकाऊ ठरते.

मानसशास्त्रात हा शब्द प्रतिकूलतेतून सावरण्यासाठी रूढ झाला आहे. त्यामुळे ‘लवचिकता’ हा सरसकट वापरला जाणारा प्रतिशब्द अपुरा आहे, कारण त्यात वाकणे येते, सावरणे येत नाही. पदार्थांसाठी ‘स्थितिस्थापकता’ जवळची असली, तरी माणसांसाठी ‘चिवटपणा’ हाच अधिक नेमका शब्द होय.