लंडनमधली एक उरलेली बाजू

जुनं लंडन शोधायचं तर म्युझियमपेक्षा पब बरे, असं माझं मत. टेम्सच्या दक्षिणेला, साउथवर्कच्या बरो हाय स्ट्रीटला लागून एका अंगणात ‘जॉर्ज इन’ आहे. 1676 च्या आगीत जुनी सराई जळाली, 1677 मध्ये ही बांधली. लाकडी कठड्यांच्या लांब गॅलऱ्या पाहून मला तर गिरगावातली चाळच आठवली! घोडागाड्यांचे प्रवासी इथे उतरत; वर मुक्काम, खाली बिअर. शेक्सपिअरच्या काळी अशाच सरायांच्या अंगणांत नाटकं होत, आणि गॅलरी म्हणजे बाल्कनीचं तिकीट.

मग रेल्वे आली, घोडागाड्या संपल्या. ‘जॉर्ज’ रेल्वे कंपनीच्या हाती गेलं. तिने दोन बाजू पाडल्या, दक्षिणेकडची तेवढी ठेवली. (रिडेव्हलपमेंटला लागते तशी संमती तेव्हा कोण विचारतो?) शेजारचं ‘टॅबर्ड’, जिथून चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघतात, ते तर 1873 मध्ये समूळ गेलं. लंडनमध्ये गॅलऱ्यांची अशी सराई आता हीच एक. 1937 मध्ये रेल्वेनेच ती नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. पब अजून चालू आहे. बिअर घ्या, नका घेऊ. अंगणात उभं राहून पाडलेल्या बाजूंकडेही बघा.